नागपूरची उच्च न्यायालय-वास्तू आणि तिचा स्थपती

परक्या देशातून आलेल्या स्थपतीच्या कृतीचा विचार करताना दोन टोकांची मते सहज मांडली जातात. ती कृती म्हणजे राज्यकर्त्यांच्या वैभवाचे केवळ प्रदर्शन होय, असे एक मत. आणि सुंदर वास्तू आपल्या काळापासून व आश्रयदात्यापासून सर्वस्वी अलिप्त असते, असे दुसरे. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील उच्च न्यायालयाची इमारत या दोन्ही मतांची मर्यादा दाखवून देते.

या वास्तूचा स्थपती हेन्री अलेक्झांडर नेस्बिट मेड (१८९२-१९७७) हा इंग्रज होता. नव्या दिल्लीची सचिवालये ज्याने रेखिली त्या हर्बर्ट बेकरच्या हाताखाली त्याने काम केले व बेकरचा प्रतिनिधी म्हणूनच तो दिल्लीत आला. पुढे त्याने तेथे स्वतंत्रपणे दोन ख्रिस्तमंदिरांचे आराखडे केले. त्यांपैकी कॅथीड्रल चर्च ऑफ द रिडेम्प्शन हे प्रॉटेस्टंट पंथाचे, तर सेक्रेड हार्ट कॅथीड्रल हे रोमन कॅथलिकांचे. पहिल्या मंदिरात जाड भिंती आणि उंचावर ठेवलेली लहान प्रकाशद्वारे यांमुळे भर उन्हाळ्यातही आत गारवा राहतो. वास्तूचा बाह्य आकार युरोपीय परंपरेचा असला, तरी उजेड किती घ्यावा आणि उष्णता किती अडवावी हे दिल्लीच्या सूर्याने ठरविले, असे म्हणता येईल.

हीच दृष्टी घेऊन मेड नागपूरच्या कामाकडे वळला. मध्यप्रांत व वऱ्हाडासाठी जानेवारी १९३६ मध्ये नागपूर येथे उच्च न्यायालय स्थापन झाले. तत्पूर्वी प्रांताचे सर्वोच्च न्यायदान न्यायिक आयुक्तांच्या न्यायालयाकडे होते. नव्या इमारतीची कोनशिला गव्हर्नर सर हाइड गोवन यांनी ९ जानेवारी १९३७ रोजी बसविली. बांधकामास ७,३७,७४६ रुपये खर्च आला आणि ६ जानेवारी १९४० रोजी इमारतीचे उद्घाटन झाले. त्या प्रसंगी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी तिचा पाषाणातील काव्य म्हणून गौरव केला.

हे काव्य कशात आहे, हे मात्र मोजमापांवरून पाहावे लागते. इमारत दुमजली असून तिचा बाह्य विस्तार ४०० फूट बाय २३० फूट आहे. मूळ आराखड्यात मध्यवर्ती घुमट जमिनीपासून १०९ फूट उंच, तर उर्वरित भाग ५२ फूट उंच धरला होता. दुपटीहून अधिक उंच असा हा घुमट दुरूनच राजसत्तेची व कायद्याची ग्वाही देतो. दिल्लीची राजधानी-शैली येथे प्रांताच्या राजधानीत उतरलेली दिसते. परंतु इमारतीच्या पोटात घुमटाला तोल देणारी एक वेगळीच रचना आहे. तेथे मधोमध बागेचा मोकळा चौक आहे. मे महिन्यात ४५ अंश सेल्सियसपर्यंत तापणाऱ्या शहरात चौकामुळे दालनांना उजेड व वारा मिळतो. बाहेरून घडीव वालुकाश्म व आत विटा अशी भिंतींची घडण आहे, आणि पायांखाली शहाबादी फरशी आहे. चौसोपी वाड्याशी परिचित असलेल्या माणसाला ही युक्ती अनोळखी वाटण्याचे कारण नाही.

या संदर्भात अठराव्या शतकातील रशियाचे उदाहरण उद्बोधक ठरते. इटालियन घराण्यातील बार्तोलोमेओ रास्त्रेल्ली याने सम्राज्ञी एलिझाबेथसाठी सेंट पीटर्सबर्गचा हिवाळी राजवाडा व स्मोल्नी मठाचे ख्रिस्तमंदिर रेखिले. अलंकरण पश्चिमेकडील बरोक पद्धतीचे असले, तरी मंदिराला ऑर्थोडॉक्स परंपरेतील पाच घुमट त्याने दिले. १७६२ मध्ये दुसरी कॅथरिन सत्तेवर आली, अभिरुची बदलली आणि रास्त्रेल्लीचे स्थान गेले. स्मोल्नीचा नियोजित उत्तुंग घंटामनोरा कधी उभा राहिला नाही. मंदिराचा अंतर्भागही एकोणिसाव्या शतकात दुसऱ्याच स्थपतीने पूर्ण केला. राजवाडा तर १९१७ च्या क्रांतीनंतर संग्रहालयाचा भाग झाला.

नागपुरात आश्रयदाता याहूनही लवकर गेला. उद्घाटनानंतर साडेसात वर्षांतच ब्रिटिश राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा ज्या प्रांतासाठी हे न्यायालय बांधले तो प्रांतच विभागला गेला. नागपूरचे राजधानीपद गेले, जुन्या मध्यप्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरला गेले आणि या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसू लागले. तथापि हिवाळी राजवाड्याप्रमाणे तिचे प्रयोजन बदलले नाही. पूर्वी सम्राटाच्या नावाने चालणारे न्यायदान आता संविधानाच्या आधारे होते. न्यायदानाचे काम मात्र तेच आहे.

म्हणून या वास्तूकडे पाहताना घुमट आणि चौक यांचा विचार एकत्रच केला पाहिजे. घुमटाचे प्रयोजन आश्रयदात्याने ठरविले, चौकाचे प्रयोजन भूमीने. ज्या राजसत्तेसाठी घुमट उंचावला ती इतिहासजमा झाली. विदर्भाचे ऊन मात्र तसेच आहे, आणि तारखेसाठी आलेल्या पक्षकाराला त्या चौकाचा उपयोगही तसाच आहे. परकीय स्थपतीची कृती स्थानिक होते ती अशा रीतीने : स्थपती जितका त्या स्थळाचे ऐकतो, तितकी त्याची कृती त्या स्थळाची होते.