डिस्क बदलली तरी नोंद अबाधित

जमिनीचा उतारा हा शेतकऱ्याच्या हक्काचा पुरावा होय. बेळगाव, चिकोडी व निपाणी या सीमाभागातील शेतकऱ्यास पीककर्ज, वारसनोंद अथवा खरेदीखत यांपैकी कोणत्याही कामासाठी तो सादर करावा लागतो. पूर्वी ही नोंद तलाठ्याच्या दप्तरात हाताने लिहिली जात असे. कर्नाटक शासनाच्या 'भूमी' योजनेने या शतकाच्या प्रारंभी राज्यातील १७७ तालुक्यांतील सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांच्या २ कोटी नोंदी संगणकावर आणल्या आणि हस्तलिखित उतारे बंद झाले. दप्तराला वाळवीचे भय असे. संगणकातील डिस्कही कधी ना कधी निकामी होतेच. अशा वेळी नोंदी कशा टिकवाव्यात, हे तालुका कचेरीइतकेच सहकारी संस्था व शाळा यांनाही ठाऊक असणे अगत्याचे आहे.

अनेक डिस्कांचा एक संच

यावरील एक उपाय १९८८ साली अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या संशोधकांनी 'रेड' या नावाने मांडला. त्यात अनेक डिस्कांचा एक संच करतात. सर्वांत सोप्या प्रकारात एकच मजकूर दोन डिस्कांवर लिहिला जातो. दुसऱ्या एका प्रकारात मजकुरासोबत पडताळ्याचा आकडा ठेवतात. ७ आणि ५ यांची बेरीज १२ लिहून ठेवली, तर ७ पुसले गेले तरी १२ मधून ५ वजा करून ते परत मिळते, तत्त्व तेच. हे काम वेगळ्या यंत्राऐवजी संगणकाच्या प्रणालीनेच केले, तर त्यास सॉफ्टवेअर रेड म्हणतात.

मात्र एक डिस्क गेली की असा संच दुबळा होतो. त्याच अवस्थेत दुसरीही गेली, तर सर्व मजकूर नष्ट होण्याचा धोका असतो. तंत्रज्ञ बेळगावहून निपाणीस पोहोचेपर्यंतचा वेळ म्हणूनच जोखमीचा. यास्तव संगणक चालू असतानाच डिस्क बदलण्याची, म्हणजे हॉट-प्लगची सोय असते.

नवी डिस्क ओळखावी कशी?

लिनक्स प्रणालीत नवी डिस्क खाचेत बसविताच 'युडेव्ह' ही व्यवस्था तिची वर्दी 'एमडीअ‍ॅडम' या साधनास देते. ते डिस्कवरील ओळखखूण वाचते. बाजारातून परतलेला बैल खुणेवरून ओळखून आपल्याच दावणीला बांधावा, तसा हा प्रकार आहे. डिस्क त्याच संचातील असेल आणि बदलांची टिपणवही ठेवलेली असेल, तर मध्यंतरी बदललेला भागच पुन्हा लिहिला जातो.

खरा प्रश्न अनोळखी डिस्कचा. तिच्यावर दुसऱ्या कोणाचा मजकूर असू शकतो आणि संचात घेताच तो पुसला जाईल. म्हणून कोणत्या खाचेतील डिस्कशी कसे वागावे, हे व्यवस्थापक आगाऊ लिहून ठेवतो. 'इन्क्लूड' म्हटल्यास खूण जुळणारीच डिस्क घेतली जाते. वेगळी सूचना नसल्यास हाच नियम चालतो. 'स्पेअर-सेम-स्लॉट' म्हटल्यास ज्या खाचेतील डिस्क नुकतीच निकामी झाली, त्याच खाचेत बसविलेली कोरी डिस्क आपोआप संचात येते. 'फोर्स-स्पेअर' हा नियम मात्र कोरी नसलेली डिस्कही घेतो. म्हणून तो केवळ या कामासाठी राखलेल्या खाचांनाच लावावा.

नियम असा विचारपूर्वक लिहिला असेल, तर कचेरीतील लिपिकानेही योग्य खाचेत कोरी डिस्क बसविली की पुरते. पुढील भरणी संगणक स्वतः करतो.

घ्यावयाची दक्षता

प्रत्येक खाचेवर क्रमांक लिहावा, कारण दुबळ्या संचातून चुकून चांगली डिस्क काढल्यास तो संचच बंद पडतो. बिघाडाची सूचना जबाबदार व्यक्तीस तत्काळ मिळेल, अशी तजवीज करावी. कोरी डिस्क कपाटात तयार असावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रेड ही राखीव प्रत नव्हे. चुकीने खोडलेली नोंद संचातील सर्व डिस्कांवरून एकाच वेळी खोडली जाते. म्हणून नोंदींची स्वतंत्र प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवावी आणि ती वाचता येते की नाही, हे वेळोवेळी पडताळून पाहावे. यंत्राने डिस्क सांभाळावी. नोंद सांभाळण्याचे उत्तरदायित्व मात्र माणसाचेच राहते.