अठरा पूर्ण... आणि समोर ट्रेलर!

लायसन्स हातात आलं म्हणजे गाडी चालवता आली? उरणच्या रस्त्यांवर या गैरसमजाची किंमत फार मोठी आहे.

अठरावा वाढदिवस झाला, की पहिला विषय निघतो तो लायसन्सचा. लर्निंगची परीक्षा २०२१पासून घरबसल्या ऑनलाइन देता येते. तीस दिवस थांबायचं, आरटीओत जाऊन गाडीवर आठचा आकडा काढून दाखवायचा, की झालात तुम्ही ड्रायव्हर! सही आहे ना?

आता जरा मोऱ्याला चला. भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडली, की मोरा बंदर. बंदर, कोळीवाडा, गल्लीबोळातून सुसाट सुटणाऱ्या स्कूटी... उरण शहर इथून काही मिनिटांवर. सगळं कसं निवांत! पण कॉलेज, क्लास आणि पहिली नोकरी मात्र बऱ्याचदा पनवेल नाहीतर नवी मुंबईच्या बाजूला. आणि त्या वाटेवर आहे १९८९ साली सुरू झालेलं जेएनपीटी बंदर. म्हणजेच कंटेनरचे ट्रेलर, दिवसरात्र.

१२ जानेवारी २०२४ला अटल सेतूचं उद्‌घाटन झालं. त्याच दिवशी उरणपर्यंत लोकलही आली. पण २१.८ किलोमीटरच्या त्या चकाचक पुलावर दुचाकीला प्रवेश नाही. लोकल स्टेशनात सोडते, कंपनीच्या गेटपाशी नाही. त्यामुळे बाईकवाला पोरगा आजही खालच्याच रस्त्यावर आहे. ट्रेलरच्या शेजारी.

एसटीच्या खिडकीतून करळ फाट्याच्या आसपास मी हेच बघत होते. बाईक ट्रेलरच्या डाव्या अंगाने पुढे घुसते, मागे दोन मित्र, हेल्मेट हँडलला लटकवलेलं. कट मारला, की भारी! पण ट्रेलरचा एक फंडा आपल्याला कुणी शिकवत नाही. तो वळतो तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतल्या बाजूला सरकतात. म्हणजे डावीकडे जी मोकळी जागा दिसते, ती दोन सेकंदांत नाहीशी होते. शिवाय केबिनच्या डाव्या बाजूला अगदी जवळ असलेली बाईक ड्रायव्हरला दिसतच नाही. तुम्ही कितीही हॉर्न वाजवा!

एकाला पायऱ्या, दुसऱ्याला उडी

गंमत बघा. तो ट्रेलर चालवणारा किमान २० वर्षांचा असावा लागतो. त्याआधी हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष त्याच्याकडे असावं लागतं, तेव्हा कुठे त्याला मालवाहू गाडीचं लर्निंग मिळतं. म्हणजे कायदा त्याला पायऱ्या चढायला लावतो. आणि बाईकवाल्याला? लर्निंग असेपर्यंत शिकवणाऱ्याखेरीज मागे कुणालाही बसवायचं नाही, असा नियम आहे. पक्कं लायसन्स आलं, की त्याच संध्याकाळी मित्राला मागे बसवून, रात्री, पावसात, हायवेवर... सगळं माफ!

न्यूझीलंडने १९८७मध्येच हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवला. तिथे मधल्या टप्प्याचं ‘रिस्ट्रिक्टेड’ लायसन्स असतं. रात्री १० ते पहाटे ५ एकट्याने गाडी काढायची नाही, मित्रमंडळी भरायची नाहीत. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या बाजूला नवा ड्रायव्हर गाडीला लाल ‘पी’ लावून फिरतो. ताशी ९०च्या वर जायचं नाही आणि दारूचा एक थेंबही चालत नाही. नवशिक्याला रात्र आणि सोबतचा दंगा, दोन्ही एकदम झेपत नाहीत, एवढा साधा हिशोब त्यामागे आहे.

आपल्याकडे टप्पे नाहीत, शिक्षा आहे. १९ मे २०२४ला पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत दोन तरुण आयटी इंजिनिअर्स गेले. गाडी चालवल्याचा आरोप असलेला मुलगा १७ वर्षांचा. चर्चा सगळी त्याला लिहायला सांगितलेल्या ३०० शब्दांच्या निबंधाची झाली. पण आपल्या कामाचं आहे ते मोटार वाहन कायद्यातलं कलम १९९ए. सप्टेंबर २०१९पासून ते लागू आहे.

गाडी कुणाच्या नावावर?

अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड. गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभरासाठी रद्द. आणि त्या मुलाला वयाच्या २५पर्यंत लायसन्स नाही!

‘मालक’ हा शब्द नीट वाचा. पहिल्या पगारावर हप्त्याने घेतलेली तुमची बाईक धाकटा भाऊ ‘जरा नाक्यावर’ घेऊन जातो ना? कागदावर मालक तुम्ही आहात. ‘मला न विचारता नेली’ हे तुम्हालाच सिद्ध करावं लागेल. आणि ‘सोळाव्या वर्षी चालते’ म्हणणाऱ्या काकांना सांगा, ती सवलत फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला आहे. जुन्या लूनाच्या जमान्यातली. आजची साधी ॲक्टिव्हासुद्धा त्याच्या दुप्पट ताकदीची.

२०२२मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले ५०,०२९ जण दुचाकीवर हेल्मेटशिवाय होते. आकडे मोठे असले, की आपल्याला ते दुसऱ्यांचे वाटतात. मोऱ्यासारख्या गावात तसं होत नाही. तिथे एक गेला, तरी अख्ख्या आळीला तो कुणाचा कोण ते माहीत असतं.

घरचे नियम

सरकार टप्पे आणेल तेव्हा आणेल. तोवर ते घरीच करा:

* लायसन्सनंतर पहिले सहा महिने मागे मित्र नाही.
* रात्री दहानंतर चावी घरात.
* ट्रेलरच्या डावीकडून ओव्हरटेक कधीच नाही. आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.
* हेल्मेट दोन, मागच्यालाही. नाहीतर हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स बंद.
* पहिल्यांदा हायवेवर जाताना मागे लायसन्सवालं मोठं माणूस.

धाकट्याला हे बोअर वाटेल, तो तोंड फुगवेल. फुगवू दे. आज घरी गेल्यावर चावी नेमकी कुठे लटकलेली असते, तेवढं मात्र आधी बघा.