कार्ड एक, विमा दुसराच

अमेरिकेत पासष्टी ओलांडलेले आई-वडील "आमचं मेडिकेअर आहे" म्हणाले, की पाकिटातली सगळी कार्डं मागून घ्या. मेडिकेअर हा ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा. त्याच्या लाल-पांढऱ्या-निळ्या सरकारी कार्डावर पार्ट ए (रुग्णालय) आणि पार्ट बी (डॉक्टर) कधी सुरू झाले एवढंच कळतं. खरी गफलत पुढे होते. मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज (खासगी कंपनीमार्फत मिळणारं मेडिकेअर) घेतलं असेल, तर दवाखान्यात त्या कंपनीचं कार्ड दाखवावं लागतं. सरकारी कार्ड तरीही जपून ठेवायचं. नेहमीचे डॉक्टर कंपनीच्या यादीत आहेत का, हेही तेव्हाच बघा. मेडिगॅप हा मूळ मेडिकेअरचा (पार्ट ए आणि बी) पूरक विमा. अ‍ॅडव्हांटेजसोबत तो वापरता येत नाही. औषधांच्या पार्ट डीचं कार्ड वेगळं असू शकतं. शंका उरलीच, तर प्रत्येक राज्यात 'शिप' ही सल्लासेवा मोफत मिळते.