दूध, मांजर आणि मिटलेले डोळे

बारामतीपासून इंदापूरपर्यंत कुठल्याही गावातल्या दूध संकलन केंद्रावर सकाळी जाऊन पाहा. कॅन उतरत असतात, फॅट बघायला नमुना घेतला जात असतो आणि वजनकाट्याच्या आसपास एखादा बोका ठाण मांडून बसलेला असतोच. उरलेलं दूध कुणीतरी त्याच्यापुढं ओततं, तो लपालपा पितो आणि बघणाऱ्यांना पुण्य केल्याचं समाधान मिळतं. 'मांजराला दूध कशाला?' असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं : "अवो, मांजराला दूध नाय पाजायचं, तर काय पाजायचं?" दुधावर घरं चालणाऱ्या मुलखात दुधाविरुद्ध बोलणं म्हणजे गावकीतून उठायची तयारी. तरी एकदा सविस्तर सांगूनच टाकतो.

मोठ्या मांजराला दुधाची गरज नसते. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवायला लॅक्टेज नावाचं विकर लागतं. पिल्लू आईला पीत असतं तोवर ते आतड्यात भरपूर तयार होतं. साधारण दोन महिन्यांचं होऊन पिल्लाचं दूध सुटलं की ते घटत जातं. गाईच्या दुधात साडेचार ते पाच टक्के लॅक्टोज असतं, म्हशीच्या दुधातही जवळपास तेवढंच. न पचलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात जाऊन पाणी ओढतं, तिथले जिवाणू ते आंबवतात, पोट फुगतं आणि जुलाब होतात. "आमचं तर रोज पितंय, काही होत नाही," हे ऐकून कान किटले आहेत. शक्य आहे. प्रत्येक मांजराची सोसण्याची मर्यादा वेगळी असते; चमचा-दोन चमचे पचतात, वाटीभर पचेलच असं नाही. शिवाय तुमचं मांजर शेजाऱ्याच्या मेथीच्या वाफ्यात जाऊन येत असेल, तर त्याला काय होतं हे तुम्हाला कळणार नाही, शेजाऱ्याला कळेल.

मग ते दुधावर तुटून का पडतं? त्यातल्या स्निग्धांशासाठी आणि प्रथिनांसाठी. गोडीसाठी तर नक्कीच नाही. अमेरिकेतल्या मोनेल संस्थेच्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिलं, की गोड चव ओळखणाऱ्या ग्राहीचं एक जनुक मांजरात निकामी झालेलं आहे. वाघात आणि चित्त्यातही तोच बिघाड सापडला. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर ही नावं साखरेमुळं महाराष्ट्रभर माहीत झाली, पण तिथल्या मांजरांना साखर कशाशी खातात हे ठाऊक नाही.

माझा खरा राग दुधापेक्षा कुस्करलेल्या दूध-भाकरीवर आहे. कारण ती माया म्हणून घातली जाते आणि पुष्कळदा दुसरं काही दिलंच जात नाही. मांजर पक्कं मांसाहारी आहे. टॉरिन नावाचं द्रव्य त्याच्या शरीराला पुरेसं बनवता येत नाही, ते मांसातूनच मिळवावं लागतं. टॉरिन कमी पडलं की डोळ्यांचा पडदा झिजतो, हे १९७५ मध्ये प्रसिद्ध झालं. हृदयाचा स्नायू पसरून दुबळा होतो, हे १९८७ मध्ये. दोन्ही शोधनिबंध 'सायन्स'मध्ये आले आहेत, ज्यांना शंका आहे त्यांनी काढून वाचावेत. गावातलं मांजर दूध-भाकरीवर धडधाकट दिसतं, कारण बाकीचं जेवण ते कडब्याच्या गंजीत उंदीर धरून स्वतः उरकतं. फ्लॅटमध्ये कोंडलेल्या मांजराला ती सोय नाही. त्याला उकडलेलं चिकन, अंडं किंवा मांजरांसाठीचं तयार खाद्य द्यावं आणि प्यायला पाणी. आई नसलेल्या तान्ह्या पिल्लालाही गाईचं दूध चालत नाही. मांजरीच्या दुधात प्रथिनं त्याच्या दुपटीहून जास्त असतात. पिल्लांसाठीची वेगळी पावडर मिळते, पशुवैद्यांना विचारा.

आता त्या बदनाम मिटलेल्या डोळ्यांकडं वळू. मांजर डोळे मिटून दूध पितं आणि त्याला वाटतं आपल्याला कुणी बघत नाही, असं म्हणत आपण पिढ्यान्‌पिढ्या राजकारण्यांना टोमणे मारत आलो. राजकारण्यांचं राहू द्या, पण मांजरावर हा अन्याय आहे. त्याला नाकासमोरची वस्तू नीट दिसतच नाही. साधारण वीतभराच्या आतलं सगळं धूसर असतं. तिथं वास आणि मिश्या काम करतात, डोळे उघडे ठेवून फार काही हाती लागत नाही. पुढच्या वेळी डोळे सोडून कान बघा. तोंड वाटीत असतं, पण एक कान पुढं, दुसरा मागं वळलेला, आणि ओट्यावर पळी वाजली की तो तिकडं फिरतो. सगळ्या घरावर त्याचं लक्ष असतं.

आणि पिण्याची पद्धत तर बघत राहावी अशी. जीभ चमच्यासारखी बुडवून मांजर दूध उचलतं, असं दिसतं, तसं नसतं. २०१० मध्ये अमेरिकी अभियंत्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्यानं चित्रण केलं, तेव्हा कळलं की जिभेचं मागं वळलेलं टोक फक्त पृष्ठभागाला टेकतं आणि झटक्यात वर जातं. त्याबरोबर दुधाचा बारीक स्तंभ वर ओढला जातो. तो कोसळायच्या आत तोंड मिटतं. हे सेकंदाला सुमारे चार वेळा, आणि हनुवटी कोरडी.

दुसरा समज गोदामवाल्यांचा : पोटभर घातलं तर मांजर उंदीर धरत नाही, म्हणून त्याला उपाशी ठेवायचं. मांजरात शिकारीची ऊर्मी आणि भूक पुष्कळशा वेगळ्या चालतात. १९७६ मधल्या एका प्रयोगात आवडीचं खाणं खात असलेल्या मांजरांपुढं उंदीर सोडला. त्यांनी खाणं सोडून तो मारला आणि परत येऊन जेवण पुरं केलं. एक्सेटर विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात मांसयुक्त चांगलं खाद्य दिल्यावर घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली. घटली, थांबली नाही. उपाशी मांजर मात्र तुमचं गोदाम सोडून भिगवणच्या मासळी बाजाराची वाट धरेल.

ऊसतोडीच्या हंगामात तिसरा समज दरवर्षी उगवतो. फडात दोन-चार पिल्लं सापडतात, मोबाइलवर 'बिबट्याचे बछडे' म्हणून फोटो फिरतात आणि गावात रात्रीची झोप उडते. पुष्कळदा ती रानमांजराची किंवा वाघाटीची असतात. आई शेजारच्याच फडात दडलेली असते, गलका थांबला की रात्री येऊन पिल्लं एकेक करून हलवते. आपल्या माळ्यावरची मांजरही हेच करते. सात घरं दाखवण्याचा तिचा काही नवस नसतो. वर्दळ, वास किंवा एखादा बोका यांना कंटाळून ती जागा बदलते. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकून देते, हाही समज फार ताणलेला आहे. जुन्नर भागात वनखातं आणि माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र अशी हाताळलेली पिल्लं पुन्हा त्याच शेतात ठेवतात आणि आया ती घेऊन जातात. म्हणून पिल्लं घरी आणू नका, बाटलीनं दूध तर अजिबात पाजू नका. तोड तेवढ्यापुरती थांबवून वनखात्याला १९२६ वर कळवा.

बाकीचं थोडक्यात. मांजराचा केस पोटात गेल्यानं दमा होत नाही. ॲलर्जी होते ती त्याच्या लाळेतल्या आणि त्वचेतल्या प्रथिनामुळं. घरात कुणी गरोदर आहे म्हणून मांजर हाकलायची गरज नाही. गर्भाला धोक्याचा असलेला टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी बहुधा कच्च्या मांसातून आणि मातीतून येतो, मांजराची विष्ठा रोजच्या रोज दुसऱ्या कुणी तरी उचलावी. घुरघुर म्हणजे नेहमीच खुशी नव्हे, दुखत असतानाही मांजर घुरघुरतं. त्याला ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल देऊ नका, एक गोळीही जीव घेऊ शकते. आणि रेबीज फक्त कुत्र्याचा नसतो : मांजर चावलं किंवा नख लागून रक्त आलं तर हळद-चुना न लावता साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्या.

राहिलं आडवं जाणारं मांजर. ते आपल्या हद्दीच्या रोजच्या फेरीवर निघालेलं असतं, तुमच्या कामाशी त्याला देणंघेणं नाही. बारामती-इंदापूर रस्त्यावर त्याला बघून कच्चकन ब्रेक तेवढा दाबू नका. मागून दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर येत असतो आणि त्याला इतक्या लवकर थांबता येत नाही.