मागचं काढा, पण साक्ष पुसू नका

बचत गटाच्या हळदीच्या पाकिटावर फोटो छापायचा असतो. फोटो अंगणातच काढलेला असतो. हळद झकास दिसते, पण मागे दोरीवरचे कपडे, ट्रॅक्टरचे चाक आणि पाण्याचा ड्रम! गिऱ्हाईक आधी तेच बघतं. मग तालुक्याला डीटीपीवाल्याकडे जाऊन आपण सांगतो, "एवढं मागचं काढून द्या." हे काम होते कसे, आणि कुठे ते मुळीच करू नये, या दोन्ही गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या.

संगणक काय बघतो?

संगणकाच्या लेखी फोटो म्हणजे बारीक ठिपक्यांची चादर. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांचे आकडे असतात, बहुधा ० ते २५५ पर्यंतचे. शेजारशेजारच्या ठिपक्यांच्या आकड्यांत मोठा फरक पडला, की तिथे कड आहे असे सॉफ्टवेअर धरते. म्हणूनच अर्धे काम फोटो काढतानाच होते. पिवळी हळद पिवळसर भिंतीपुढे ठेवली तर कड हरवलीच समजा. तिच्यामागे निळे किंवा काळे कापड लावा. कापड दोन-तीन हात लांब ठेवा, म्हणजे मालाची सावली त्यावर पडणार नाही. फ्लॅश नको, सावलीतला स्वच्छ उजेड उत्तम.

काढायचे कसे?

फोटोशॉप १९९० साली बाजारात आले; त्यासाठी पैसे मोजावे लागतात. गिम्प हे सॉफ्टवेअर १९९६ पासून आहे आणि ते फुकट मिळते. घरच्या कामाला ते पुरेसे आहे.

पहिली गोष्ट, मूळ फोटोची प्रत करा आणि काम प्रतीवरच करा. गिम्पमध्ये फोटो उघडून ‘फझी सिलेक्ट’ हे साधन घ्या आणि मागच्या कापडावर क्लिक करा. सारख्या रंगाचा सलग भाग धरला जातो. कमी धरला तर ‘थ्रेशोल्ड’ वाढवा, हळदीतही घुसला तर कमी करा. मग ‘इन्व्हर्ट’ करा, म्हणजे कापडाऐवजी माल धरला जाईल. ‘श्रिंक’ने कड एक पिक्सेल आत घ्या, नाहीतर भोवती कापडाच्या रंगाची रेघ राहते. ‘फेदर’ एक पिक्सेल दिलात तर कड कात्रीने कापल्यासारखी दिसत नाही.

आता खोडरबर चालवू नका. ‘लेयर मास्क’ जोडा आणि त्यात ‘सिलेक्शन’ हा पर्याय निवडा. मास्कवर काळा रंग लावला की भाग झाकतो, पांढरा लावला की परत दिसतो. चूक झाली तरी माल शाबूत! शेवटी फाइल पीएनजी प्रकारात काढा. जेपीजीमध्ये पारदर्शकपणा टिकत नाही. मोकळ्या जागी रंग भरला जातो आणि लेबलावर चौकोनी ठिगळ दिसतं.

गव्हाच्या ओंबीची कुसळे, बैलाच्या शेपटीचे केस ही कामे अवघड. तिथे धीर धरून हाताने मास्क रंगवावा लागतो. २०१८ नंतर एका क्लिकमध्ये मागचं काढणाऱ्या इंटरनेटवरच्या सोयी आल्या. त्या वेळ वाचवतात, पण अंदाजाने चालतात. कधी शिंगाचं टोक जातं, कधी टोपलीचा कान. तपासायला खाली गडद लाल थर ठेवा आणि फोटो मोठा करून कडेने नजर फिरवा. मात्र आधार कार्ड किंवा बँकेच्या पासबुकाचे फोटो अशा ठिकाणी कधीही चढवू नका.

कुठे हात लावायचा नाही?

पिकाच्या नुकसानीचा फोटो असेल तर मागचं काढणे म्हणजे आपलाच साक्षीदार घालवणे. मागचा बांध, विहीर, कडुलिंब, शेजारचं शिवार यावरूनच पटतं की रान तुमचंच आहे. एक फोटो जवळून, एक लांबून, आणि एक कायमची खूण दिसेल असा काढा. फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर तारीख, वेळ आणि जागा फोटोच्या फाइलमध्ये नोंदली जाते. फोटोत फेरफार केला, किंवा व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला, की ती नोंद जाऊ शकते. पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा आणि मूळ फाइल फोनमधून पुसू नका.

गावकारभाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. घरकुलाचा टप्पा असो की रस्त्याचे काम, दप्तरातला फोटो मुळातला असावा. फलकासाठी नटवलेली प्रत वेगळी ठेवा. पासपोर्टसाठी पांढऱ्या भिंतीपुढे उभे राहूनच फोटो काढावा. संगणकाने बदललेला फोटो नाकारला जाऊ शकतो.

विकायच्या बैलाचंही तसंच. घेणाऱ्याला खूर, पाय आणि उभं राहण्याची ढब बघायची असते. जमीनच पुसलीत तर त्याला शंका येणारच.

तेव्हा फोटो पाकिटासाठी आहे की पुराव्यासाठी, हे आधी ठरवा. पाकिटासाठी असेल तर खुशाल मागचं काढा. पुराव्यासाठी असेल तर जसा आहे तसाच राहू द्या.