मोफत शिक्षण, मोजक्या जागा

स्कॉटलंडमध्ये ऑगस्टच्या आरंभी 'हायर' परीक्षेचे निकाल लागतात आणि विद्यापीठांतील उरल्यासुरल्या जागांचा शोध सुरू होतो. त्या दिवसांत अनेक घरांना एक चमत्कारिक अनुभव येतो. एकाच अभ्यासक्रमात इंग्लंडच्या विद्यार्थ्यासाठी जागा शिल्लक असते, परदेशी विद्यार्थ्यासाठीही असते. विद्यापीठापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या स्कॉटिश विद्यार्थ्यासाठी मात्र ती संपलेली असते. वरकरणी हा अन्याय परक्यांनी केलेला वाटतो. त्याची मुळे मात्र एडिंबरातील स्वदेशी सरकारांच्याच दोन निर्णयांत आहेत, आणि दोन्ही निर्णय सदिच्छेने घेतलेले आहेत.

पहिला निर्णय मोफत शिक्षणाचा. १९९९ मध्ये स्कॉटिश संसद अस्तित्वात आली आणि लगोलग, २००० मध्ये, स्थानिक विद्यार्थ्यांचे शिकवणी शुल्क रद्द झाले. पदवीनंतर भरावयाची रक्कमही २००८ मध्ये स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या सरकारने काढून टाकली. शुल्क पुन्हा लादण्याआधी खडक उन्हात वितळतील, अशा आशयाची ग्वाही अ‍ॅलेक्स सॅमंड यांनी २०११ मध्ये दिली आणि ती शिळेवर कोरलीही गेली. राजकारणात शिळेवर कोरलेली आश्वासने फिरवणे अवघड असते. पण मोफत याचा अर्थ कोणीतरी पैसे भरते, आणि जो भरतो तो मोजतो. स्कॉटिश विद्यार्थ्यामागे सरकार १,८२० पौंडांचे वार्षिक शुल्क भरते. त्याखेरीज स्कॉटिश फंडिंग कौन्सिल अध्यापनासाठी अनुदान देते. या अनुदानित जागांची संख्या कौन्सिल प्रत्येक विद्यापीठाला ठरवून देते. इंग्लंडने २०१२ मध्ये शुल्क ९,००० पौंडांपर्यंत वाढवले आणि २०१५ मध्ये जागांवरील मर्यादा उठवली. स्कॉटलंडने शुल्क टाळले, मर्यादा ठेवली.

दुसरा निर्णय सामाजिक न्यायाचा. अतिवंचित २० टक्के वस्त्यांतून येणाऱ्यांचे प्रमाण २०३० पर्यंत विद्यापीठीय प्रवेशांतही २० टक्के व्हावे, हे उद्दिष्ट निकोला स्टर्जन यांच्या सरकारने स्वीकारले. रूथ सिल्व्हर आयोगाच्या २०१६ च्या अहवालाने त्याला टप्पे घालून दिले. वंचित वस्तीतील, संगोपनगृहात वा दत्तक कुटुंबाच्या आश्रयाने वाढलेल्या किंवा उच्च शिक्षणाची परंपरा नसलेल्या शाळेतील अर्जदारांच्या गुणांकडे त्यांच्या परिस्थितीच्या संदर्भात पाहिले जाऊ लागले. त्यांच्यासाठी किमान गुणांची अट सैल झाली. खासगी शिकवणीच्या आधाराने मिळवलेला 'ए' आणि मोडक्या शाळेतून मिळवलेला 'बी' यांचे वजन सारखे नसते, हा त्यामागील तर्क खोडून काढणे कठीण आहे. २०२१ साठीचे १६ टक्क्यांचे लक्ष्य मुदतीपूर्वीच गाठले गेले. त्यानंतर मात्र काटा १६ ते १७ टक्क्यांच्या दरम्यानच घुटमळला.

एकूण जागा मोजक्या आणि त्यांतील एक वाटा वाढता, म्हणजे उरलेला वाटा आटणार, हे साधे गणित आहे. २०२२ मध्ये एडिंबरा विद्यापीठाच्या कायदा अभ्यासक्रमाची जी माहिती उघड झाली, तीत प्रवेशाचे प्रस्ताव मिळालेले स्कॉटिश विद्यार्थी सारेच या सवलतीच्या गटातील निघाले. उत्तम गुण असलेल्या, पण वंचिततेचे कोणतेही प्रमाणपत्र नसलेल्या मुलांसाठी ते दार त्या वर्षी बंदच होते. अर्थात, यावरून सर्वत्र हीच स्थिती आहे असे मानणे अतिशयोक्तीचे ठरेल. अडचण प्रामुख्याने नामांकित विद्यापीठांतील कायदा, वैद्यक अशा मोजक्या शाखांची आहे. तरीही अर्ज जितके वाढले तितके प्रवेश प्रस्ताव वाढले नाहीत, असे निरीक्षण ऑडिट स्कॉटलंडने २०१६ मध्येच नोंदवले होते.

सवलत नसलेला विद्यार्थी म्हणजे सुखवस्तू विद्यार्थी, हे समीकरणही फसवे आहे. वंचितता येथे माणसावरून नव्हे, वस्तीवरून ठरते. संपूर्ण देशाचे ६,९७६ लहान विभाग पाडून त्यांची क्रमवारी लावली जाते. २०२० च्या क्रमवारीत ग्लासगोचे चाळीस टक्क्यांहून अधिक विभाग अतिवंचित ठरले. शेटलंड, ऑर्कनी आणि पश्चिमेकडील बेटांचा एकही विभाग त्यांत आला नाही. बेटांवर गरिबी नाही असे नव्हे, ती विखुरलेली आहे. मासेमाराचे किंवा शेतमजुराचे मूल त्यामुळे संपन्न उपनगरातील डॉक्टरच्या मुलाच्या रांगेत उभे राहते. एकट्या निर्देशांकावर विसंबता येत नाही, हे न्याय्य प्रवेश आयुक्तांच्या अहवालांतही मान्य झाले आहे.

दिल्लीतील मराठी अधिकाऱ्यांना येथे २००६ ची आठवण होईल. केंद्रीय शिक्षणसंस्थांत इतर मागासवर्गीयांना २७ टक्के आरक्षण देताना खुल्या प्रवर्गाच्या जागा घटू नयेत म्हणून वीरप्पा मोईली समितीने एकूण क्षमता ५४ टक्क्यांनी वाढवण्याचा मार्ग आखला. इमारती आणि अध्यापक पुरेसे मिळाले का, हा वेगळा विषय. पण न्यायाची किंमत तिजोरीने उचलायची हे तत्त्व तरी मान्य झाले होते. स्कॉटलंडमध्ये ती किंमत मुख्यतः रांगेतल्या पुढच्या मुलावर पडली. करोनाकाळात वाढवलेल्या जागांपैकी किमान १,२०० जागा २०२४-२५ मध्ये मागे घेतल्या गेल्या, तेव्हा हे पुरेसे स्पष्ट झाले.

तूट भरून काढतात ते परदेशी विद्यार्थी. पुणे-मुंबईहून ग्लासगोला जाणारा विद्यार्थी जे भरमसाट शुल्क भरतो, त्यातून स्थानिकांच्या मोफत शिक्षणाला टेकू मिळतो. जानेवारी २०२४ पासून बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांना कुटुंबीय सोबत नेण्यास ब्रिटिश सरकारने मनाई केली आणि हा टेकूही डळमळला. डंडी विद्यापीठाची तूट त्यानंतर वर्षभरातच चव्हाट्यावर आली.

शुल्क आणावे असे म्हणण्याची राजकीय किंमत मोठी, आणि वंचितांचे उद्दिष्ट सोडावे असे उघड म्हणणे त्याहून अवघड. म्हणून वाद पिनकोडभोवती फिरत राहतो आणि अनुदानित जागांच्या संख्येपर्यंत पोहोचत नाही. दरम्यान, एडिंबरात नाकारला गेलेला विद्यार्थी रेल्वेने दीड तासावरच्या न्यूकॅसलला जाऊ शकतो. तेथे त्याच्यासाठी जागांची मर्यादा नाही. मात्र २०२५-२६ मध्ये वर्षाला ९,५३५ पौंडांचे शुल्क होते, आणि त्यासाठी त्याला स्कॉटिश सरकारकडून मिळते ते कर्ज.