दुकानाचा व्यवहार कोणत्या माध्यमावर करावा?

व्यापारी बांधवांनो, वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगावच्या कापड दुकानांचा माल आज सुरत, मालेगाव, इचलकरंजीहून मोबाइलवरच ठरतो. नमुना व्हिडिओ कॉलवर पाहायचा, भाव तोंडी पक्का करायचा. एका रमजानपूर्वी आम्हीही असेच केले. गाठी आल्या तेव्हा बिलात मीटरमागे चार रुपये जास्त लागले होते. लेखी काहीच नव्हते. फरक आम्हालाच सोसावा लागला.

तेव्हापासून आम्ही माध्यम निवडताना सोयी नंतर पाहतो. ठरलेली गोष्ट लेखी राहते का आणि ती दुकानाच्या ताब्यात राहते का, हे आधी पाहतो. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार ठेवावेत, असा आदेश कुरआनच्या सूरह बकरात (आयत 282) आहे. मोबाइल आला म्हणून तो बदललेला नाही.

छोट्या दुकानाला व्हॉट्सॲप बिझनेस पुरेसे आहे. 2018 साली सुरू झालेले हे ॲप मोफत असून त्यात मालाचे फोटो भावासह लावता येतात. मात्र ते दुकानाच्या स्वतंत्र सिमवर चालवावे. नोकराच्या खाजगी नंबरवर चालवले तर नोकरासोबत ग्राहक आणि जुना हिशेबही निघून जातो. तसेच संदेश 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवसांनी आपोआप पुसण्याची सोय समोरचाही चालू करू शकतो. ती बंद आहे ना, हे अधूनमधून पाहावे.

अनेक जणांची बैठक घ्यायची असेल तर गूगल मीटवर 60 मिनिटे आणि झूमवर 40 मिनिटे मोफत मिळतात. कॉल कोणत्याही माध्यमावर होवो, तो संपताच माल, नग, भाव, मुदत लिहून पाठवावे व समोरच्याकडून ‘कबूल’ असे उत्तर घ्यावे. त्याशिवाय बयाणा देऊ नये.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात असे संदेश पुरावा म्हणून मांडता येतात. त्यासाठी ठरावीक प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणून वाद मिटेपर्यंत मूळ संदेश पुसू नये, मोबाइलही विकू नये.

शेवटी, ॲपवर पूर्ण विसंबू नका. एके काळी घरोघरी पोहोचलेले स्काइप मे 2025 मध्ये बंद झाले. महत्त्वाचा सौदा त्याच संध्याकाळी वहीत उतरवावा. वही दुकानाची असते, ॲप दुसऱ्याचे. अल्लाह आपल्या कारोबारात बरकत देवो.